हे तुम्हीच होतात का?

सकाळी दहा चाळीसला, सात नंबरच्या टाकीची पातळी वहीत उतरवत असताना, टेबलावर पालथा ठेवलेला फोन एकदा थरथरला. त्याने आधी आकडा पुरा लिहिला, तीन पूर्णांक चार मीटर, खाली रेघ मारली आणि मग फोन उलटा केला. 'तुमच्या ईमेल खात्यात नव्या उपकरणावरून प्रवेश झाला आहे. हे तुम्हीच होतात का?' खाली दोन चौकटी. डावीकडे 'हो, मीच'. उजवीकडे 'नाही, मी नव्हतो'. त्याने कुठल्याच चौकटीला बोट लावलं नाही. तो इथे होता, फोन इथे होता, दोन्ही हात वहीवर होते, म्हणजे उत्तर सोपं होतं. तरी मानेच्या मागे, केस संपतात तिथे, चार बोटं आणि एक अंगठा टेकल्यासारखं गरम वाटलं. भीती इतरांच्या पोटात उतरते किंवा गुडघ्यांत जाते. त्याची नेहमी मानेवर बसायची. एकोणपन्नास वर्षांच्या माणसाने असल्या निरोपाला काय घाबरायचं, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं आणि फोन पुन्हा पालथा घातला. प्रश्न लाकडाला तोंड लावून तसाच पडून राहिला.

पाणीपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षात त्याला सव्वीस वर्षं झाली होती. खोली लांबट, थंड, खिडकी एकच आणि तीही जिन्याकडे उघडणारी. समोरच्या भिंतीवर सगळं शहर निळ्या रेघांत काढलेलं होतं. घरं नाहीत, झाडं नाहीत, नुसते नळ आणि टाक्या, आणि जिथे झडप असेल तिथे एक लहान चौकोन. असे दोनशे बारा चौकोन इथे बसून उघडता-मिटता येत. क्लोरीन किती सोडायचं तेही इथूनच. पहिल्या वर्षी त्याला शिकवलं होतं की झडप कधी झटक्यात मिटायची नाही, वाहतं पाणी थबकलं की मागे उलटून नळ फोडतं. मिटायची तर हळूहळू, मोजून. ते त्याच्या अंगात इतकं भिनलं होतं की घरातलं दारसुद्धा तो तसंच लावत असे, आणि बायको म्हणायची, "लाव रे एकदाचं. दार आहे ते, तान्हं मूल नाही."

अकराला सिस्टिमवाला आला. हातात कागदांचा गठ्ठा, गळ्यात ओळखपत्र, आणि चार मजले चढून आल्याचा राग.

"चारच्या आत सगळ्यांनी पासवर्ड बदलायचाय. चार वाजून एक मिनिटाने जुना मेला."

शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्याला सगळे मास्तर म्हणत कारण त्याला विचारल्याशिवायही सगळं समजावून सांगायची सवय होती, खुर्चीतूनच म्हणाला, "माझा गेल्या महिन्यातच बदललाय."

"काय केलात?"

"आधी शेवटी एक होता. आता दोन आहे."

"आणि चिठ्ठी?"

मास्तरांनी कीबोर्ड उचलून खालची चिठ्ठी दाखवली. "हे काय. बाहेर कुठे ठेवणार? जपून ठेवायला नको?"

"मास्तर, कुलपाला किल्ली बांधून ठेवलीत तुम्ही," सिस्टिमवाला म्हणाला. मग हसू आवरून त्याने सांगितलं ते मात्र कोणाला हसण्यासारखं वाटलं नाही. दुसऱ्या एका शहरात कुणीतरी कर्मचाऱ्याचा पासवर्ड मिळवून आत शिरलं आणि तीन तास क्लोरीन बंद ठेवलं. कक्षात माणसं बसलेली असूनही कुणाला कळलं नाही, कारण पडद्यावर नाव त्यांच्याच सहकाऱ्याचं होतं. "यंत्राचा काय दोष? शब्द बरोबर होता. शब्द बोलणाऱ्याच्या मागे कोण उभंय, ते यंत्राला दिसत नाही."

हे वाक्य त्याला बसल्या जागी लागलं. त्याने मानेवरून हात फिरवला.

सिस्टिमवाल्याने त्याच्या संगणकावर एक पान उघडून दिलं. आपला शब्द तिथे टाकायचा, तो चोरीला गेलेल्या याद्यांमध्ये आहे का ते पान सांगणार. "टाका. मी पाठ फिरवतो," असं म्हणून तो खरंच वळला, भिंतीवरच्या निळ्या शहराकडे बघत उभा राहिला, देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्या माणसासारखा. त्याने शब्द टाकला. ऑफिसचा, ईमेलचा, चपलांच्या दुकानाचा, वाचनालयाचा, सगळ्यांचा एकच शब्द होता. बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा एका यंत्राने त्याच्याकडे परवलीचा शब्द मागितला तेव्हा बोटं आपोआप तिकडेच गेली होती, आणि नंतर दुसरा कुठला घ्यावा असं कधी वाटलंच नाही. उत्तर क्षणात आलं: 'हा पासवर्ड २ वेळा आढळला आहे.'

"दोनदा," तो म्हणाला.

"दोनच? मास्तरांचा टाकला तर लाखांत आकडा येईल. दोनदा म्हणजे दोन खाती. दोन्ही तुमचीच असणार. ईमेल टाका, बघू." ईमेलवर एकच चोरी निघाली, चपलांच्या दुकानातली, चार वर्षांपूर्वीची. सिस्टिमवाल्याने खांदे उडवले. "मग दुसरं कुणाचंतरी. योगायोग. साधा शब्द असेल."

"साधा नाही. कुठल्याच भाषेत नाहीये तो."

सिस्टिमवाला आता त्याच्याकडे वळला. "मग तो अजून कुणाला माहीत आहे?"

कुणाला, याचं उत्तर द्यायला एका जिन्यावर परत जावं लागलं असतं. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, आतल्या खोलीला पिवळट रंगाचं दार आणि दाराला आतून लोखंडी कडी. ताई तेरा वर्षांची, तो आठ. आई हॉस्पिटलच्या धोबीखान्यात कामाला, सुटायची सातला. बाबा वजनकाटे दुरुस्त करत, सोनारांचे, वाण्यांचे, दवाखान्यांतले, आणि त्यांच्या बोटांना पितळेचा आणि रॉकेलचा वास असे. काटा दोन्ही बाजूंनी केसभरसुद्धा झुकू नये म्हणून ज्या हातांनी ते श्वास रोखून काम करत, त्याच हातांनी घरी येऊन मारत. जास्त ताईला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तिचं सरळ बघणं त्यांना सहन होत नसे, एवढं खरं. म्हणून शाळेतून आल्यावर ताई आतल्या खोलीत जाऊन कडी लावून बसे आणि तो आला की दारावर टकटक करी. आतून ती विचारायची, "कोण? तूच आहेस ना?" आणि 'हो' म्हटलं तर ती उघडत नसे, कारण हो कुणीही म्हणेल. तो शब्द म्हणायचा. शब्द तिनेच केला होता, एका दुपारी, जमिनीवर पोटावर झोपून, अक्षरं एकापुढे एक ठेवून, आणि म्हणाली होती, "हा जगात कुठेच नाही. फक्त तुझ्याकडे आणि माझ्याकडे. मेलास तरी सांगायचा नाही." त्याने शपथ घेतली होती. त्या वयात शपथ घ्यायला काही लागत नाही.

आणि मग तो मंगळवार. ताईच्या दंडावरचा वळ बघून वर्गाच्या बाई सकाळी घरी येऊन गेल्या होत्या. बाबा नेमके घरी होते. बाईंसमोर ते हसले, त्यांना बसायला खुर्ची दिली. त्याला आठवत होतं ते हसणं नव्हे, तर खुर्चीवरची धूळ त्यांनी आपल्या रुमालाने झटकली होती ती. दुपारी तो शाळेतून आला तेव्हा बाबा खालच्या पायरीवर बसलेले. त्यांनी उठून त्याच्या मानेवर हात ठेवला. दाबला नाही, ओढलं नाही. नुसता ठेवला. असा हात त्यांनी पूर्वी कधी ठेवला नव्हता. "ताईला हाक मार," ते हळू आवाजात म्हणाले. "मी काही करणार नाही." तिन्ही मजले तो त्या हाताखाली चढला. त्याला त्यांचं बोलणं खरं वाटलं नव्हतं. पुढे एक्केचाळीस वर्षं त्याने स्वतःला वेगवेगळं सांगून पाहिलं, लहान होतो, कळत नव्हतं, पण खरं हेच होतं की त्याला कळत होतं, आणि मानेवरचा हात गरम होता, आणि तो तसाच राहावा असं त्याला वाटत होतं. त्याने टकटक केली. "कोण? तूच आहेस ना?" त्याने शब्द म्हटला. कडी निघाली. शब्द बरोबर होता; मागे कोण उभं होतं ते दाराला दिसलं नाही. नंतर जे झालं ते फार वेळ चाललं नाही. ताईचा डावा कान त्या दिवशी गेला. पुढे ती कुणाचंही बोलणं ऐकायला मान वळवायची, आणि लोकांना वाटायचं, मुलगी लाडिक आहे.

दुसऱ्या दिवशी तो शाळेतून आला, टकटक केली. "कोण? तूच आहेस ना?" त्याने शब्द म्हटला. आत बराच वेळ काही हललं नाही. मग दाराच्या अगदी जवळून ती म्हणाली, "तो शब्द आता चालत नाही." एवढंच. नवा तिने सांगितला नाही, त्यानेही विचारला नाही, आणि सात वाजून गेल्यावर आई येईपर्यंत तो जिन्यावर बसून राहिला. पुढची सहा वर्षं ती त्याच्याशी बोलायची, त्याचा अभ्यास घ्यायची, त्याच्या सदऱ्यांना गुंड्या लावायची. फक्त कडी लागल्यावर तो बाहेरच. एकोणिसाव्या वर्षी ती घरातून गेली. एक कार्ड आलं होतं, 'मी बरी आहे. शोधू नका.' ते आईने पिठाच्या डब्याच्या झाकणात चिकटवून ठेवलं होतं, आणि आई गेली तेव्हा त्यावरची अक्षरं पिठाने पुसली गेली होती.

"साहेब?" सिस्टिमवाला वाट बघत होता. "कुणाला माहीत आहे का, विचारलं मी."

"सकाळी हे आलं," तो म्हणाला आणि फोन पुढे केला.

सिस्टिमवाल्याची भुवई वर गेली. त्याने चटकन त्याच फोनवर खात्यातलं एक पान उघडून दिलं. सध्या ज्या ज्या यंत्रांवर त्याचं खातं उघडं होतं त्यांची यादी. पहिला त्याचा फोन. दुसरा एक टॅबलेट, आज, दहा अडतीस. आणि तिसरा एक संगणक. जागा पुसट, दुसरंच कुठलं शहर. प्रथम प्रवेश सहा वर्षांपूर्वी. शेवटचा, आठ दिवसांपूर्वी.

सहा वर्षं. त्याने फोन डोळ्यांजवळ आणला. सहा वर्षं त्याच्या घरात कुणीतरी राहत होतं आणि त्याला भांड्याचा आवाजसुद्धा आला नव्हता. तारीख बघून त्याला तो दिवस आठवला: मुख्य नळ फुटला होता, ऑफिसची ईमेल बंद पडली होती आणि तक्रारींसाठी खात्याच्या वेबसाइटवर त्याचा खाजगी पत्ता नावासकट छापला होता. दिवसभरात चारशे तक्रारी आल्या. त्यांत 'हे तुम्हीच होतात का' असाही एक निरोप आला असणार. तो चारशेंत बुडाला.

"नुसतं वाचत बसेल का कुणी सहा वर्षं?" त्याने विचारलं.

"बसतात की. कच्चा चोर उचलून पळतो. पक्का चोर काही उचलत नाही, वाट बघतो." सिस्टिमवाल्याने कागद पुढे सरकवला. "हे बघा, तुमचा शब्द यादीत आलाय. आज ना उद्या कुणीतरी तो सगळीकडे लावून बघणार. ऑफिसचा बदला आणि हाच शब्द जिथे जिथे आहे तिथला बदला. प्रत्येक ठिकाणी वेगळा. लक्षात राहणार नाहीत, त्यासाठी ही एक तिजोरी देतो फोनवर, सगळे शब्द तिच्यात, तुम्ही फक्त तिचा एक लक्षात ठेवायचा. आणि इथे सही करायची, बदलले म्हणून."

"यातल्या एकालाच बाहेर काढता येत नाही?"

"येतं. पण शब्द तोच राहिला तर बाहेर जाऊन पुन्हा आत येईल. शब्द बदलला की सगळे बाहेर." तो जायला निघाला, मग दारात थांबला. "सगळेच बाहेर गेलेले बरे ना?"

जिन्याकडच्या खिडकीशी जाऊन त्याने घरी फोन लावला.

"पटकन बोल," बायको म्हणाली. ती घरी शिवणकाम करायची. "हातात कात्री आहे, आणि कापड दुसऱ्याचं आहे."

"आज सकाळी माझी ईमेल कुणी उघडली? टॅबलेटवरून?"

"अरे हो, तुला सांगायचं राहिलं. तो जुना टॅबलेट बाबांना दिला. दिवसभर भिंतीशी नजरानजर करत बसतात, म्हटलं बातम्या तरी बघतील. त्यात तुझंच खातं होतं, पासवर्ड मागायला लागला. तुला फोन करणार होते, तर बाबा म्हणाले, आण इकडे."

"आणि?"

"आणि काय, टाकला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा लागला. मी म्हटलं, वा! बायकोला बावीस वर्षांत सांगितला नाही, वडिलांना बरा सांगितलास."

"मी नाही सांगितला."

"मग त्यांना कसा माहीत? मला रोज विचारतात, बाई तू कुणाची. काल जेवून उठले आणि म्हणाले, आज जेवायचं नाही का. आणि हे बरं लक्षात राहिलं."

कात्रीचा आवाज कापडातून सरळ जात होता. त्याने फोन ठेवला. खिडकीखाली जिना होता, आणि पायऱ्या मोजायच्या नाहीत असं ठरवूनही त्याने मोजल्या. दोन वर्षांपूर्वी बाबांना झटका आला, तेव्हापासून ते त्याच्याकडे होते. उजवा हात अधू, ओठ एका बाजूला ओघळलेला. तो त्यांना आंघोळ घालायचा, नखं कापायचा. त्यांनी त्या दिवसाबद्दल कधी एक अक्षर काढलं नव्हतं, आणि तो धरून चालला होता की ते विसरले. बाकी सगळं गळून गेलेल्या त्या डोक्यात तो शब्द मात्र जसाच्या तसा होता, तेल घालून ठेवलेल्या काट्यासारखा. एक्याऐंशी वर्षांचा तो माणूस, ज्याला चमचा धरता येत नव्हता, सकाळी दहा अडतीसला पुन्हा एकदा शब्द म्हणून आत शिरला होता. आणि आत काय होतं ते फक्त त्याच्या मुलाला माहीत होतं.

आत, अर्धवट लिहिलेल्या पत्रांच्या कप्प्यात, एकच पत्र होतं. अकरा वर्षं तो ते लिहीत होता. वर पत्ता नव्हता, कारण पत्ता माहीतच नव्हता. 'ताई,' अशी सुरुवात, आणि पुढे महिन्यातून कधी चार ओळी, कधी एक. ताई, आई गेली. ताई, नऊ नंबरच्या टाकीत कबूतर पडलं, पूर्ण टाकी रिकामी करावी लागली. ताई, बाबांना माझ्याकडे आणलंय, रागावू नकोस. जिन्याबद्दल एकदाही नाही. आता त्याला एक जुनी गोष्ट आठवली. चार वर्षांपूर्वी त्याने लिहिलं होतं, आईचे निळे कप आठवतात का, पाच होते. काही दिवसांनी उघडलं तर तिथे 'सहा' होतं. तेव्हा तो फार घाबरला होता. आपलं डोकं सुटायला लागलं की काय म्हणून आठवडाभर तो जुने फोन नंबर पाठ म्हणून बघत होता. कप सहाच होते. सहावा ताई गेली त्याच्या पुढच्या वर्षी फुटला. पाच माहीत होते ते मागे राहिलेल्यांना. सहा जिला आठवत होते ती कधी परत आली नव्हती. किंवा त्यानेच झोपेच्या तंद्रीत दुरुस्त केलं असेल. किंवा चोराची चाळवाचाळव. मनी वसे ते पडद्यावरही दिसतं.

दोन वाजता त्याने ऑफिसचा पासवर्ड बदलला. सिस्टिमवाल्याने सांगितल्याप्रमाणे एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडले. तिजोरी उघडून वाचनालयाचा बदलला, चपलांचा बदलला. काहीच वाटलं नाही, दगडावरून दगड उचलल्यासारखं. मग ईमेलपाशी येऊन तो थांबला. बदलला, तर बाबा बाहेर. आणि सहा वर्षं दारापलीकडे श्वास रोखून बसलेलं जे कुणी असेल तेही बाहेर, आणि ती ताई असली आणि यावेळी तिने ठोठावलं तर आतून तोच म्हणणार, तो शब्द आता चालत नाही. नाही बदलला, तर बाबा आत, आणि त्यांच्या मागोमाग उद्या याद्या घेऊन फिरणारे. नवा शब्द पत्रातच लिहून ठेवावा तर ते पत्र तिघांनाही वाचता येत होतं. ताईला जे माहीत होतं ते सगळं बाबांनाही माहीत होतं. सगळं, एक सोडून. हे सुचलं आणि त्याने खुर्ची पुढे ओढली. त्याने पत्र उघडलं आणि तळाशी लिहिलं: 'ताई, चार वाजता शब्द बदलतोय. जुना बाबांना माहीत आहे, कारण मी त्यांना तो दिला. दुसऱ्या दिवशी तू ठेवलास तो मला माहीत नाही.' वाचलं. मधलं वाक्य खोडावंसं वाटलं. खोडलं नाही.

मग नुसतं बसणं. सात नंबर, तीन पूर्णांक दोन. नऊ नंबर, चार पूर्णांक शून्य. मास्तर नव्या पासवर्डसाठी चिठ्ठी फाडत होते आणि विचारत होते, "कीबोर्डखाली नको म्हणतो. मग खुर्चीखाली चालेल का?" त्याने ऐकलं नाही. संगणक आठ दिवसांपूर्वी उघडला होता; पुढचे आठ दिवस उघडला नाही तर? ती आजारी असेल तर? ती नसेलच, आणि तिच्या टेबलाशी दुसरंच कुणी बसत असेल तर? तीन वाजता त्याने पत्र उघडलं. काही नाही. तीन वीसला काही नाही. तीन एक्केचाळीसला त्याच्या ओळीखाली आणखी एक ओळ होती. तिच्यात एकच शब्द. लहानसा, कुठल्याच भाषेत नसलेला.

त्याने तो मनात म्हणून पाहिला. काहीच ओळखीचं वाटलं नाही. वाटणार कसं? तो त्याला कधी सांगितलेलाच नव्हता. शब्द बरोबर आहे की चूक, हे ताडून बघायला जगात कुठलंही पान नव्हतं. त्याने घाईने घरी फोन लावला.

"टॅबलेट कुठे आहे?"

"आज काय झालंय तुला? बाबा झोपलेत आणि टॅबलेट छातीवर."

"चालू आहे?"

"चालू आहे. हनुवटी टेकलीय त्यांची त्यावर. काढून घेऊ?"

"राहू दे," तो म्हणाला. यादीत टॅबलेट आणि संगणक, दोन्हींपुढे 'आत्ता चालू' होतं. म्हणजे हा शब्द ताईचा असेल, किंवा चोराच्या खोड्या असतील, किंवा झोपलेल्या म्हाताऱ्याच्या हनुवटीने दाबली गेलेली अक्षरं. भिंतीवरच्या घड्याळात तीन बावन्न झाले. त्याने पत्रातली ती ओळ पुसली, मग पासवर्डच्या चौकटीत तोच शब्द टाकला, अक्षर अक्षर, झडप मिटावी तसा सावकाश. 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडायचे?' त्याने हो केलं. यादीत एकटा त्याचा फोन उरला. त्याने सिस्टिमवाल्याच्या कागदावर सही केली.

साडेसहाला तो घरी पोचला तेव्हा बायको कापड कातरत होती. ती म्हणाली, "बरं झालं आलास. ते यंत्र बंद पडलंय आणि बाबा माझं डोकं खातायत. त्यांना वेगळं खातं काढून दे की. एकाच किल्लीत अख्खं घर कशाला?" आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. बाबा खुर्चीत, टॅबलेट मांडीवर, डावं बोट काचेवर. त्याच्याकडे न बघता ते म्हणाले, "चालत नाही रे हे." आणि त्यांनी तो शब्द मोठ्याने म्हटला. एक्केचाळीस वर्षांत तो कुणाच्याच आवाजात त्याने ऐकला नव्हता, स्वतःच्याही नाही. ओघळलेल्या ओठातून पहिलं अक्षर थोडं सांडलं, बाकी स्वच्छ आलं. मानेवर गरम हात टेकला. त्याला मागे वळून बघावंसं वाटलं, आणि बाबा तर समोर बसलेले होते.

"बदलला मी तो," तो म्हणाला.

"नवा काय?"

तो आत गेला, त्यांच्या मांडीवरून टॅबलेट उचलला आणि काखेत धरला. त्यांनी तो सहज सोडला. त्यांच्या हातात काही जोरच नव्हता. "उद्या तुमचं वेगळं खातं काढून देतो," तो म्हणाला. "त्याचा शब्द तुम्ही ठेवा."

बाबा रिकाम्या मांडीकडे बघत राहिले. काहीतरी शोधत असल्यासारखे, काट्याच्या दोन्ही पारड्यांत काही नाही आणि तरी तो झुकलाय असे. मग त्यांनी विचारलं, "हा मला कुणी सांगितला होता रे?"

बाहेर बायकोची कात्री थांबली होती.

"मीच," तो म्हणाला. "मी सांगितला होता."

बाबांनी मान डोलवली, पत्ता कळल्यावर माणूस डोलवतो तशी, आणि भिंतीकडे तोंड केलं. त्याच वेळी त्याच्या खिशात फोन थरथरला. टॅबलेट त्याच्या काखेत होता, बंद. बाबांचे दोन्ही हात मांडीवर होते. त्याने फोन बाहेर काढला. 'तुमच्या ईमेल खात्यात नव्या उपकरणावरून प्रवेश झाला आहे.' दुसरंच कुठलं शहर. पासवर्ड पहिल्या प्रयत्नात बरोबर. 'हे तुम्हीच होतात का?'

तो दारात उभा राहिला. ती असेल. ती असली तरी एकटी असेल का, तिच्या मानेवर आत्ता कुणाचा हात असेल का, हे शब्द सांगत नव्हता, कधीच सांगत नाही. बायकोने हाक मारली, "कोणाचा आहे?" त्याचा अंगठा दोन्ही चौकटींवर आळीपाळीने गेला. मग त्याने 'हो, मीच' दाबलं.